आखाजी ते पहिला पाऊस: इंग्रजी साहित्यात एम.ए. करणाऱ्यांची उन्हाळ्यातली तयारी

टी.वाय.चा शेवटचा पेपर देऊन पोरं-पोरी गावी येतात, तेव्हा खानदेशात ऊन मी म्हणत असतं. एम.ए.चे वर्ग भरायला अजून दोन-अडीच महिने असतात. ज्यांनी इंग्रजी घ्यायचं ठरवलेलं असतं, त्यांच्यातले बरेच जण या दिवसांत एकच प्रश्न घेऊन येतात: "सर, गाईड कोणतं घेऊ?"

हा लेख त्यांच्यासाठी आहे. चोपडा, शिरपूर, शहादा, पाचोरा अशा कुठल्याही तालुक्यातून आलेल्या, मराठी माध्यमात शिकलेल्या, घरात इंग्रजी पुस्तकाचं कपाट नसलेल्या विद्यार्थ्यासाठी.

माझं उत्तर आधीच सांगून टाकतो. या उन्हाळ्यात गाईड घेऊच नका. चार मूळ पुस्तकं आणि रोज एक कविता, एवढंच वाचा. पण सावकाश वाचा आणि हातात पेन्सिल धरून वाचा.

मी स्वतः एम.ए.ला गेलो तेव्हा माझ्या पिशवीत पाच गाईडं होती. पहिल्याच आठवड्यात सरांनी मला उभं केलं आणि विचारलं, "ही कादंबरी कोण सांगतंय?" मला कादंबरीची आशयसूत्रं पाठ होती, पात्रांचे स्वभाव पाठ होते, लेखकाचं जन्मसाल पाठ होतं. गोष्ट कोणाच्या तोंडून येते ते मात्र ठाऊक नव्हतं. ते पुस्तक उघडलं की पहिल्या पानावर कळतं, आणि मी पुस्तक उघडलंच नव्हतं. ते सत्र सावरता सावरता दिवाळी आली. तुमच्यावर ती वेळ येऊ नये.

आधी अभ्यासक्रम, मग पुस्तकं

कवयित्री बहिणाबाई चौधरी उत्तर महाराष्ट्र विद्यापीठाच्या संकेतस्थळावरून एम.ए. इंग्रजीचा चालू अभ्यासक्रम उतरवून घ्या आणि त्याची छापील प्रत काढा. मागच्या वर्षीच्या मित्राची प्रत चालणार नाही, कारण अभ्यासक्रम बदलत असतात. पेन्सिलीने फक्त नेमलेल्या पुस्तकांची नावं अधोरेखित करा, बाकीचा मजकूर सध्या राहू द्या. जुन्या प्रश्नपत्रिका मिळाल्या तर एकदा नजरेखालून घाला. त्या पाठ करायच्या नाहीत. प्रश्न कसे विचारतात तेवढं बघायचं.

पुस्तकांसाठी फार पैसे लागत नाहीत. भारतात लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षांनी त्याच्या लेखनावरचा स्वामित्वहक्क संपतो, त्यामुळे शेक्सपिअर, ऑस्टिन, डिकन्स हे सगळे प्रोजेक्ट गुटेनबर्ग या संकेतस्थळावर फुकट आणि कायदेशीरपणे मिळतात. नाटक मात्र टिपा असलेल्या आवृत्तीतच वाचा. चारशे वर्षांपूर्वीचे शब्द टिपांशिवाय अडतात. जळगावला राहत असाल तर वल्लभदास वालजी जिल्हा वाचनालयाचे सभासद व्हा. तालुक्याच्या गावी आपल्या जुन्या कॉलेजच्या ग्रंथपालांना जाऊन भेटा. सुटीतही पुस्तक हवंय असं सांगणारा विद्यार्थी आला की ग्रंथपाल सहसा वाट काढतात, असा माझा अनुभव आहे. निदान एक पुस्तक कागदावर आणि स्वतःच्या मालकीचं असू द्या. समासात लिहायला ते लागतं.

दिवस कसा बसवायचा

भुसावळला पारा पंचेचाळीसच्या पुढे जातो त्या दिवसांत दुपारी दोनला कादंबरी डोक्यात शिरत नाही. पहाटे साडेपाच ते आठ ही खरी वेळ. ओट्यावर, निंबाखाली, गच्चीवर, जिथे वारं लागेल तिथे बसा. दुपारी नुसतं ऐकायचं काम ठेवा. लिब्रिव्हॉक्स या संकेतस्थळावर जुन्या इंग्रजी पुस्तकांची ध्वनिमुद्रणं फुकट आहेत. धाब्याच्या घरात पडून, पुस्तक समोर धरून ती ऐकली की डोळ्यांना अडणारे उच्चार कानाने सुटतात.

आखाजीला (अक्षय्य तृतीयेला), घरच्या लग्नाला, पेरणीआधीच्या शेतकामाला दिवस जाणारच. ते आधीच हिशोबात धरा. आठवड्यातून पाच दिवस झाले तरी पुष्कळ आहे.

पहिला पंधरवडा: कान तयार करा

सुरुवात कवितेपासून करा, कारण ती लहान असते आणि एका सकाळी तीनदा वाचून होते.

आपल्याकडे शाळेत वृत्तं शिकवतात. लघु-गुरू मांडून भुजंगप्रयात ओळखता येत असेल तर तुमचं निम्मं काम झालेलं आहे. उरलेलं निम्मं वेगळं आहे. संस्कृत वळणाची मराठी वृत्तं अक्षर ऱ्हस्व की दीर्घ यावर चालतात, तर इंग्रजी छंद आघातावर चालतो. 'प्रेझेंट' हा एकच शब्द घ्या. पहिल्या अवयवावर (सिलॅबलवर) जोर दिला तर भेटवस्तू, दुसऱ्यावर दिला तर सादर करणे. मराठीत अशा जोराने सहसा अर्थ बदलत नाही, म्हणून आपला कान तिकडे लक्षच देत नाही. शब्दकोशात उच्चाराशेजारी वर एक बारीक उभी रेघ असते, ती आघाताची खूण. या उन्हाळ्यात ती रेघ बघायची सवय लावून घ्या.

आघात कळत नसेल तर आखाजीचा झोका आठवा. 'आथानी कैरी तथानी कैरी' म्हणताना बाया ठरावीक जागी जोर देतात आणि झोका तिथेच पुढे झेपावतो. ती जागा शोधायचं कसब तुमच्यात आहे, तेच आता इंग्रजी ओळीत वापरायचं.

शेक्सपिअरचं अठरावं सुनीत, म्हणजे चौदा ओळींचं सॉनेट, घ्या. त्याची १५४ सुनीतं १६०९ मध्ये छापली गेली आणि हे त्यातलं सर्वांत ओळखीचं. पहिली ओळ मोठ्याने म्हणा: 'शॅल आय कम्पेअर दी टू अ समर्स डे'. दहा अवयव आहेत. एक हलका, एक जड असे पाच ठेके. 'पेअर', 'सम' आणि 'डे' यांवर टाळी द्या. पाच-सहा वेळा म्हटलं की ओळ चालायला लागते.

आता अर्थाकडे या. कवी प्रिय व्यक्तीला विचारतोय, तुला उन्हाळ्याच्या दिवसाची उपमा देऊ का? जळगावच्या मे महिन्यात हे वाचणाऱ्याला पहिला धक्का इथेच बसतो, आणि तो बसलाच पाहिजे. आपल्याकडे असं कोणाला म्हटलं तर तो रागावेल. इंग्लंडमध्ये मात्र उन्हाळा म्हणजे वर्षातले सुखाचे दिवस. तिथल्या मे महिन्यात कळ्या धरतात, आणि सुनीताच्या तिसऱ्या ओळीत सोसाट्याचा वारा त्याच कळ्यांना झोडपतो. म्हणजे कवितेचा अर्थ हवामानातही असतो, आणि ते हवामान आपलं नाही, हे पहिल्याच दिवशी ध्यानात येतं. अशा ठिकाणी समासात 'इथे उन्हाळा = सुख' अशी नोंद करून ठेवा.

चौथ्या ओळीत 'लीज' हा शब्द आहे. शब्दकोशात बघा: भाडेपट्टा, ठरावीक मुदतीचा करार. प्रेमकवितेत हा कचेरीतला शब्द का आला? उन्हाळा मालकीचा नसतो, मुदतीवर मिळालेला असतो, ती मुदत संपते. ज्यांच्या घरी शेत बटाईने किंवा ठोक्याने दिलं-घेतलं जातं, त्यांना या शब्दाचा जीव चटकन कळेल. मग नवव्या ओळीवर या. ती 'बट', म्हणजे 'पण' या शब्दाने सुरू होते. इथे कविता वळते: तुझा उन्हाळा मात्र सरणार नाही. शेवटच्या दोन ओळींत त्याचं कारण येतं. माणसं श्वास घेताहेत आणि डोळ्यांना दिसतंय तोवर ही कविता जगेल, आणि ती तुला जगवेल.

चौदा ओळींना एक अख्खी सकाळ लागली तर लागू द्या. एम.ए.त ज्याला बारकाईने वाचणं म्हणतात ते हेच.

आणि हा प्रकार आपल्याला परका नाही. इंग्रजी सुनीताचा घाट मराठीत रुजवणारे केशवसुत शिक्षक म्हणून भडगाव आणि फैजपूरला राहिलेले आहेत. मराठी नवकवितेचे बा. सी. मर्ढेकर १९०९ साली फैजपूरलाच जन्मले. त्यांची कविता इंग्रजी आधुनिक कवितेशी बोलत वाढली. तुमच्या तालुक्यातून इंग्रजी कवितेकडे जाणारी वाट आधीच पडलेली आहे.

चार पुस्तकं

नेमलेल्या यादीतून एक लहान कादंबरी, एक मोठी कादंबरी, एक नाटक आणि एक भारतीय इंग्रजी पुस्तक निवडा. निवड जमत नसेल तर माझी चार सांगतो.

पहिलं, जॉर्ज ऑरवेलचं 'अ‍ॅनिमल फार्म', १९४५ चं. दहाच प्रकरणं आहेत, वाक्यं सरळ आहेत. रोज एक प्रकरण घेतलं तर दोन आठवड्यांत होतं, आणि आपण एक इंग्रजी पुस्तक अथपासून इतिपर्यंत वाचलं हा भरवसा येतो. त्या भरवशासाठीच ते पहिलं. गाईडं सांगतात की हे रशियन क्रांतीवरचं रूपक आहे. ते खरंच आहे, पण तुम्ही आधी बॉक्सर नावाच्या घोड्याकडे बघा. तो सगळ्यांपेक्षा जास्त राबतो. त्याला ए, बी, सी, डी यांच्या पुढची अक्षरं काही येत नाहीत. तो थकतो तेव्हा दवाखान्यात नेतो म्हणून एक गाडी येते. गाडीवर काय लिहिलंय ते त्याला वाचता येत नाही. ते बेंजामिन नावाचं गाढव मोठ्याने वाचतं, आणि तोवर उशीर झालेला असतो. म्हातारा बैल बाजाराकडे निघताना ज्यांनी दारात उभं राहून पाहिलंय, त्यांना ते पान वाचताना टिपा लागणार नाहीत. स्वतःला एवढंच विचारा: लेखकाने अक्षरओळखीचा तपशील कितीतरी आधी का पेरून ठेवला? या प्रश्नाचं उत्तर पानभर लिहिता आलं की रूपकाचं उत्तर आपोआप येतं.

दुसरं, जेन ऑस्टिनचं 'प्राइड अँड प्रेज्युडिस', १८१३ चं. प्रकरणं ६१. रोज तीन वाचली तर तीन आठवडे. मुली हे पुस्तक पटकन आपलंसं करतात आणि मुलं उगाच टाळतात. पाच बहिणी, बापाची जमीन वारसाहक्काच्या अटीमुळे दूरच्या नात्यातल्या पुरुषाकडे जाणार, म्हणून आईला घाई. नवं स्थळ गावात आलं की त्याचं वर्षाचं उत्पन्न आधी कळतं: बिंगलीचं चार-पाच हजार पौंड, डार्सीचं दहा हजार. लग्नसराईत आपल्या ओट्यांवर ज्या गप्पा चालतात त्या ऐकून वाढलेल्याला हे जग समजावून सांगावं लागत नाही. अडचण येते ती लेखिकेच्या सुरात. पहिलंच वाक्य म्हणतं, पैसेवाल्या अविवाहित पुरुषाला बायको हवीच असते, हे जगन्मान्य सत्य आहे. नीट बघा, ही गरज पुरुषाची आहे की मुलींच्या आयांची? लेखिका एक म्हणते आणि दुसरं सुचवते. तो सूर पकडायला पहिली पाच प्रकरणं दोनदा वाचा, पुढचं सोपं जातं.

तिसरं नाटक, 'मॅकबेथ'. शेक्सपिअरच्या शोकांतिकांमध्ये सर्वांत छोटं, म्हणून सुरुवातीला बरं. आठवड्याला एक अंक घ्या. एकट्याने मनात वाचू नका, दोघं-तिघं मिळून पात्रं वाटून मोठ्याने वाचा. गल्लीत कोणी इंग्रजीवालं नसेल तर फोनवरून वाचा. नाटक वाचताना मराठी माणसाच्या हाती एक चावी असते आणि ती कोणी दाखवून देत नाही. शेक्सपिअरच्या इंग्रजीत 'दाऊ' आणि 'यू' अशी दोन रूपं आहेत, आपल्या 'तू' आणि 'तुम्ही'सारखी. आजच्या इंग्रजीतून हा फरक गेलाय, म्हणून इंग्रजांनाच तो मुद्दाम शिकवावा लागतो. आपण तो आईच्या दुधाबरोबर शिकतो. एखादं पात्र 'यू' म्हणता म्हणता 'दाऊ'वर आलं की थांबा. जवळीक वाढली, राग आला, की समोरच्याला खाली लेखलं? समासात 'तू' लिहून ठेवा. अशा दहा जागा सापडल्या तर त्या तुमच्या स्वतःच्या असतील, कुठल्या गाईडातल्या नाहीत.

आणखी एक बघा. पद्याच्या ओळी उजव्या समासाच्या आधीच तुटतात, गद्य पानभर पसरतं. लेडी मॅकबेथ झोपेत चालते तो पाचव्या अंकातला प्रवेश गद्यात आहे. आधी ती भारदस्त पद्यात बोलत होती. तिचा छंद कुठे गेला?

चौथं, मुल्कराज आनंद यांचं 'अनटचेबल', १९३५ चं. बाखा नावाच्या सफाई कामगार तरुणाचा एकच दिवस. पुस्तकाच्या शेवटाकडे गांधीजींची सभा येते. राजा राव यांची 'कांथापुरा' १९३८ ची, तिच्यावरही गांधींची छाया आहे. या दोन सालांच्या मधोमध, डिसेंबर १९३६ मध्ये, काँग्रेसचं खेड्यात भरलेलं पहिलं अधिवेशन झालं ते आपल्या फैजपूरला. घरात कोणी जुनं माणूस असेल तर त्याने त्याच्या वडिलांकडून ऐकलेलं विचारा.

सालं कशी लक्षात ठेवायची

इंग्रजी साहित्याचा इतिहास पाठ होत नाही, कारण त्याला टांगायला खुंटी नसते. खुंटी गावची घ्या. वहीच्या एका पानावर मध्ये उभी रेघ मारा, डावीकडे खानदेश, उजवीकडे इंग्लंड. १६०१ मध्ये अकबराने असीरगड घेतला आणि खानदेशची फारुकी सत्ता संपली. 'हॅम्लेट' लिहिलं जात होतं ते याच सुमाराला. १८१८ मध्ये पेशवाई बुडाली आणि खानदेश कंपनीकडे गेला. त्याच वर्षी मेरी शेलीचं 'फ्रँकेनस्टाइन' छापून आलं. वर्ड्स्वर्थ आणि कोलरिज यांचं 'लिरिकल बॅलड्स' त्याच्या वीस वर्षं आधीचं, १७९८ चं. १८८० च्या सुमारास बहिणाबाई असोद्याला जन्मल्या तेव्हा इंग्लंडात व्हिक्टोरिया राणी होती आणि थॉमस हार्डी खेड्यापाड्यांच्या कादंबऱ्या लिहीत होता. अशा पंधरा-वीस जोड्या तुम्हीच शोधा. शोधून लिहिलेली जोडी विसरत नाही.

बायबलमधल्या आदम-ईव्ह, केन-एबल, ईयोब आणि येशूच्या दृष्टान्तांच्या गोष्टी, आणि ग्रीक पुराणांतल्या दहा-बारा कथा एकदा वाचून घ्या. मराठीत वाचल्या तरी चालतील. रामायण-महाभारत ठाऊक नसलेल्याला मराठी कविता जशी अडेल, तशी या कथांवाचून इंग्रजी अडते. समीक्षेच्या सिद्धान्तांना सध्या हात लावू नका. फारच हौस असेल तर अ‍ॅरिस्टॉटलचं 'पोएटिक्स' वाचा. ते छोटं आहे आणि 'मॅकबेथ' ताजं असताना चांगलं समजतं.

शब्द आणि वही

प्रत्येक अनोळखी शब्दाला थांबलात तर तीन दिवसांत पुस्तक मिटाल. एका पानावर जास्तीत जास्त पाच शब्द बघा, आणि तेही पान संपल्यावर. इंग्रजी-मराठी कोश जवळ असू द्या, पण आधी इंग्रजी-इंग्रजी उघडा, कारण परीक्षेत अर्थ इंग्रजीतच सांगायचा असतो.

रोज संध्याकाळी एक परिच्छेद इंग्रजीत लिहा, आठ-दहा ओळींचा. विषय मोठा नको. एक ओळ, एक शब्द, एक प्रसंग पुरे. 'कवीने निसर्गाचं सुंदर वर्णन केलं आहे' असं वाक्य आलं की खोडा, कारण ते कुठल्याही कवितेला लागू पडतं. त्याऐवजी 'चौथ्या ओळीतल्या लीज या शब्दामुळे उन्हाळा मुदतीचा वाटतो' असं लिहा. व्याकरण चुकलं तरी लिहीत राहा, ते नंतर सुधारता येतं. बोटावर मोजण्याइतक्या विद्यार्थ्यांनी माझं ऐकून साठ दिवस साठ परिच्छेद लिहिले. त्यांच्या पहिल्या आणि साठाव्या पानातला फरक मी डोळ्यांनी पाहिलाय.

मोबाईलवर कुठल्याही पुस्तकाचा सारांश दोन मिनिटांत मिळतो, हल्ली तर विचारलं की उत्तरही लिहून मिळतं. प्रकरण वाचण्याआधी ते बघू नका. वाचून झाल्यावर, स्वतःचा परिच्छेद लिहून झाल्यावर जरूर बघा आणि आपल्याला दिसलं ते त्यात आहे का ते ताडून पाहा. नसलं तर आनंद माना.

प्रत्येक पुस्तकाला वहीत शेवटचं एक पान मोकळं सोडा. न सुटलेले प्रश्न तिथे टाका: बेंजामिन आधी का बोलला नाही, 'प्राइड अँड प्रेज्युडिस'मधल्या शार्लटने कॉलिन्सला होकार का दिला, लेडी मॅकबेथचा छंद कुठे गेला. वर्ग सुरू व्हायच्या आदल्या रात्री ही चारही पानं काढा, त्यातले सर्वांत छळणारे तीन प्रश्न चिठ्ठीवर उतरवा आणि खिशात ठेवा. पहिल्या तासाला सरांनी किंवा मॅडमनी "कोणाला काही विचारायचंय का?" म्हटलं की सगळा वर्ग खाली बघेल. तेव्हा चिठ्ठी काढा आणि पहिला प्रश्न विचारा. इंग्रजी अडलं तर मराठीत विचारा.